तीन सहस्रांश

बाटलीवाली ताई हे नाव तिला सायकलपटूंनीच दिलं होतं. अठरा वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढल्यावर ती शर्यतींत उत्तेजक चाचणीसाठी लघवीचे नमुने घेऊ लागली. नवरा म्हणायचा, "रविवारी लोक नाटकाला जातात, आमची ही बाटल्या घेऊन पैलवानांच्या मागे." ती हसायची, पण नियमापासून तसूभर हलायची नाही.

त्या दिवशी घाटाची शर्यत ज्याने जिंकली, त्याला लोकांनी रस्ताभर "ए सुईवाल्या" म्हणून हिणवलं होतं. वर्षापूर्वी त्याच्या संघाचा कप्तान उत्तेजक घेताना सापडला होता आणि शिंतोडे याच्यावरही उडाले होते. विजयमंचावर त्याला टाळ्या पडल्या त्या नावापुरत्या.

चाचणीच्या खोलीत त्याने दोन लिटर पाणी ढोसलं. लवकर मोकळं व्हायचं होतं. साक्षीला पुरुष सहकारी गेला, नमुना आला तो पाण्यासारखा पातळ. ताईने घनता मोजायच्या यंत्रावर थेंब टाकला. १.००२. किमान १.००५ हवी.

"पुन्हा द्यावा लागेल. आता पाणी बंद."

संघाचा व्यवस्थापक कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, तीन सहस्रांशांसाठी संघाची अख्खी बस अडवणार?"

"हो. तुम्हीही बसा, खुर्ची रिकामी आहे."

"बाहेर पत्रकार घड्याळ बघतायत. जितका उशीर, तितका संशय."

खेळाडू वैतागला. "द्या ना सोडून. मी काही घेतलेलं नाही."

"म्हणूनच सोडत नाही," ताई म्हणाली. "या पातळ नमुन्यावर भागवलं तर उद्या म्हणतील, पाणी पिऊन लपवलं. मग जन्मभर सांगत बस."

तो बुटांच्या नाड्यांशी चाळा करू लागला. मग हळूच म्हणाला, "माझ्या मुलीला शाळेत विचारतात, तुझा बाबाही घेतो का."

ताईने पंखा त्याच्याकडे वळवला.

तीन तासांनी दुसरा नमुना आला. १.०११. त्याने स्वतः बाटल्या निवडल्या, झाकणं घट्ट केली, क्रमांक मोठ्याने वाचले. ताईने ते दोनदा ताडून पाहिले. पातळ नमुनाही मोहोरबंद करून सोबत प्रयोगशाळेकडे धाडला.

बाहेर व्हायचं तेच झालं. एका वर्तमानपत्राने छापलं, 'तीन तास आत काय शिजत होतं?'

तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोन्ही नमुने स्वच्छ. व्यवस्थापक म्हणाला, झालं, गप्प बसू. खेळाडू ऐकेना. त्याने चाचणीच्या नोंदींची स्वतःची प्रत त्याच वर्तमानपत्राच्या टेबलावर ठेवली. पहिला नमुना किती वाजता, का नाकारला, तो कुठे बसला होता, सगळं मिनिटागणिक, ताईच्या गोल अक्षरात. त्यांनी पानभर छापलं.

पुढच्या शर्यतीत तो चौथा आला. तरी शेवटच्या चढावर माणसं कठड्यांवर उभी राहून घसा बसेस्तोवर त्याला पुकारत होती. अंतिम रेषेपाशी ताई विजेत्याला गाठायला निघाली, तर गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "सरका रे, ताईंना जाऊ द्या."

माणसं दोन्ही बाजूंना सरकली. ताई ताठ मानेने मधून चालत गेली.