नारळ न देणारे दगडूमामा

दोन महिन्यांमागं एका सकाळी परंड्यात माझ्या घरी कणीक मळत होते, तेवढ्यात सोनारीहून मामींचा फोन आला. टपरी उघडताना दगडूमामांच्या छातीत कळ आली आणि ते तिथंच बसले, ते बसलेच... रडता रडता त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला जपून सांग." मला रडू यायच्या आधी भीती वाटली. आईची गोळ्यांची शेवटची दोन पाकिटं राहिली होती, आणि ती घ्यायची ती निव्वळ मामांच्या धाकानं. आता हिला कोण गोळ्या खायला लावणार?

मामा आमचे रक्ताचे कुणी नव्हेत. आईच्या माहेरच्या आळीतले, तिचे मानलेले धाकटे भाऊ. भैरवनाथाच्या देवळापुढं त्यांची नारळाची टपरी. देवळाभोवती माकडांचं राज्य, आणि मामांनी त्यातल्या एकेकाला नाव ठेवलेलं. एक जाडजूड हुप्प्या न विचारता हातातलं उचलायचा, तो 'सरपंच'. खरे सरपंच समोर नारळ घेत असताना मामा त्याला मोठ्यानं हाक मारायचे आणि वर साळसूद चेहरा करायचे. काय म्हणावं या माणसाला!

आई वाकळा शिवते. मागं तिच्या हातावर फिकट चट्टा उठला, तिथं सुई टोचलेली कळेना. कुष्ठरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला गोळ्यांचं पाकीट सुरू झालं, आणि आईनं गुपचूप भैरवनाथाला नवसही बोलला. गोळ्यांनी कातडी काळवंडली म्हणून ती कुरकुरायची, पण घ्यायची. पाकिटं निम्म्यावर आली तसा चट्टा विरला, आणि बाईनं गोळ्या बंद केल्या! तिचं म्हणणं असं, की नाथानं बरं केलंय, आता नवस फेडायचा. वर गोळ्या चालू ठेवल्या तर त्याच्यावर भरवसा नाही असं होईल. दवाखान्यातल्या ताई दोनदा येऊन सांगून गेल्या, मी डोकं फोडून घेतलं. ती मलाच घेऊन सोनारीला निघाली.

नवसाचं कारण ऐकून मामांनी नारळ दिला नाही. म्हणाले, आधी सगळी रिकामी पाकिटं दाखव. आईनं तोंड सोडलं, तू नारळ विकणार की देवाचा कारभार बघणार, म्हणून. ती शेजारच्या टपरीवर गेली, तर मामांनी तिथूनच ओरडून सगळ्या ओळीला दटावलं. एकानंही नारळ दिला नाही. आई फुरंगटून पायरीवर बसली. थोड्या वेळानं मामा चहा घेऊन आले आणि आपला डावा हात तिच्यापुढं धरला. दोन बोटं आत वळलेली. आम्हाला वाटायचं, नारळ सोलताना काही झालं असेल.

"म्याबी चट्टा गेल्यावर नवस फेडला आन् गोळ्या सोडल्या," ते म्हणाले. "नाथानं त्याचं काम केलं हुतं, आक्का. माझंच म्या अर्ध्यावर सोडलं. तुला सुई धरायची का न्हाय?"

आईनं ती बोटं हातात घेतली... चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात गेली.

मग दर महिन्याला रिकामं पाकीट मामांकडं पोचायचं. टपरीवर तशा चंदेरी पाकिटांचं तोरणच होतं. ती कुणाकुणाची, ते मामांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, चकाकलं की माकडं भितात.

मामा गेल्याचं सांगितलं त्या दिवशी आई दिवसभर जेवली नाही. मला धास्ती वाटत होती. रात्री ती उठली, पाण्याचा तांब्या घेतला आणि गोळी गिळली.

गेल्या आठवड्यात शेवटचं पाकीट संपलं. आम्ही सोनारीला गेलो. टपरीवर आता मामी बसतात. आईनं पिशवीतून सुई काढली, दोरा स्वतः ओवला आणि पाकीट तोरणाला टाचलं. सुई कुठं निसटली नाही. मामींनी न मागता नारळ पुढं केला. नवस फेडून, प्रसादाची वाटी घेऊन आम्ही बाहेर आलो, तोच सरपंचानं झडप घालून आईच्या हातातली वाटी पळवली. आई दचकली आणि मग जी हसत सुटली, की मामींनाही आवरेना.

सरपंच थेट टपरीवर चढला आणि त्या चकाकत्या तोरणाखाली बसून निवांत खोबरं खाऊ लागला.