चौसष्ट मीटर केबल

२००७ च्या हिवाळ्यात नाशिकमधल्या एका हॉटेलकडे दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांची अंदाजपत्रके आली आणि ती ओळीन् ओळ सारखी निघाली. बाबी त्याच, मोजमापे तीच. फक्त दुसऱ्यातला प्रत्येक दर पहिल्यापेक्षा जरासा कमी होता.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. त्या काळातल्या मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता फाईल पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. या चौकशीला फाईल लागत नाही. नावे मात्र कोणाचीच देत नाही.

हॉटेलात आंघोळीचे पाणी डिझेलच्या बॉयलरवर तापत असे. मालकाला बॉयलर काढून सगळे विजेवर न्यायचे होते, त्यासाठी गच्चीवर हीट पंप बसवायचा होता. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवते आणि गार झालेली हवा बाहेर टाकते. दिवस भारनियमनाचे होते, त्यामुळे विजेवर आंघोळ हे शब्द ऐकूनच आमचे ठाणे अंमलदार हसले होते. पण टाकी मोठी ठेवली तर पाणी तासन् तास गरम राहते, असा हिशेब होता. यंत्र, टाकी, पाइप, केबल, वाढीव वीजभार, जनरेटरची जोडणी, असा सगळा खर्च आधी कागदावर मांडावा लागे.

पहिल्या कंत्राटदाराने ठाण्यात तक्रार अर्ज दिला. संशय त्याच्याच माणसावर होता.

"कागद याच्याच हातचा. यानेच विकला. गुन्हा दाखल करा," तो म्हणाला. त्या माणसाला त्याने आदल्या दिवशीच घरी बसवले होते.

अंदाजपत्रक करणारे हे गृहस्थ पन्नाशीचे, मूळचे कळवणकडचे. ओझरला एका कारखान्यात बरीच वर्षे विजेचे काम करून या धंद्यात आलेले. मी त्यांना समोर बसवले.

"किती घेतले?" पहिला प्रश्न असाच टाकायची तेव्हा पद्धत होती.

"एक कप घेतला साहेब. बाहेर तुमच्या हवालदारांनी पाजला."

"चेष्टा नको. कागद कोणाला दिला?"

"टाईप करायला दिला, तिथून आणून शेठला दिला. तिसरा हात नाय." मग ते गंभीर झाले. "साहेब, नाशकात हे काम करणारे आम्ही पाच-सहा जण. एकदा कागद विकणारा म्हणून नाव झालं की कोणी दारात उभं करणार नाय. त्यापेक्षा आत टाका. तुमच्या लॉकअपचं अर्थिंग गेलंय, तेवढं तरी बघून देतो."

अर्थिंग खरोखर गेले होते. ते आम्ही नंतर करून घेतले.

पहिला धागा हवालदारांना सापडला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले होते. ते वाकून म्हणाले, "साहेब, ही फुलांची चौकट आपल्या ताईंची. माझ्या पोरीच्या लग्नपत्रिकेला हीच होती."

ताई म्हणजे कोर्टाजवळ टायपिंग आणि डीटीपीचे दुकान चालवणाऱ्या बाई. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, अर्ज, सगळे त्यांच्याकडे होई. दोन्ही कंत्राटदार आपले गिऱ्हाईक आहेत, एवढे त्यांनी कबूल केले. पुढे म्हणाल्या, "रोज चाळीस कागद जातात हातातून. कोणाचं काय होतं, मला नाही आठवत."

दुसऱ्या कंत्राटदाराला बोलावले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने, उत्तरे तयार.

"टायपिंग एकाच दुकानातलं. चौकट सारखी, चुका सारख्या. त्यात गुन्हा काय?"

"आणि मोजमापं?"

"हॉटेल एकच आहे साहेब. दोघांनी मोजलं तर दोन गच्च्या निघतील का?"

त्याला जाऊ दिले आणि स्टेशन डायरीत चौकशी सुरू असल्याची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी मी अंदाजपत्रक करणाऱ्या गृहस्थांना परत बोलावले आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगायला लावले. केबलपाशी ते थांबले. चौसष्ट मीटर.

"सरळ नेली असती तर निम्म्यात भागलं असतं," ते म्हणाले.

"मग नेली का नाही?"

"मावशींनी नेऊ दिली नाय."

मावशी म्हणजे हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या बाई. यंत्र जिन्याजवळ टाकीला लागून ठेवायचे ठरत होते. तिथेच त्यांच्या वाळवणाच्या दोऱ्या. गार हवा चादरींवर आली तर थंडीच्या दिवसांत त्या वाळणार कशा, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा बरोबर होता. गृहस्थांनी यंत्र पलीकडच्या कोपऱ्यात सरकवले आणि केबल मागच्या डक्टमधून, कठड्याला वळसा घालून नेली. हे कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. कागदावर फक्त आकडा होता.

मी दुसऱ्या कंत्राटदाराला हॉटेलवर बोलावले. बरोबर हवालदार आणि मोजपट्टी. मीटरच्या खोलीपाशी त्याला म्हटले, "तुमची चौसष्ट मीटर केबल कुठून जाते, चालून दाखवा."

तो झपझप जिना चढला आणि बुटांसह गच्चीवर गेला. दोऱ्यांमागून आवाज आला.

"ओ दादा, पायतान काढा आधी! खाली चादरी अंथरल्यात, दिसत नाय का?"

त्याने घाईने बूट काढले आणि टाकीजवळ बोट दाखवले. "इथं यंत्र."

हवालदारांनी मोजले. एकतीस मीटर.

"उरलेली तेहेतीस मीटर कुठं गेली?" मी विचारले.

तो टाकीकडे पाहू लागला. मावशी चादर झटकत पुढे आल्या. "हे बाबा इथं कदी आलेच नाय, साहेब. ते दुसरे आले होते ते. दारातच चपला काढल्या, माझ्याशी अर्धा तास भांडले, मग ऐकलं."

"ताईंकडून नमुना घेतला होता," तो शेवटी म्हणाला. "सगळेच घेतात."

पुन्हा दुकानात गेलो. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी संगणक उघडून दाखवला.

"ते म्हणाले, हीट पंपाचं एस्टिमेट हवंय, दर जरा खाली ठेवा. मी जुनी फाईल उघडली, नाव बदललं, दर बदलले. भाडेकरारात आम्ही तेच करतो की, साहेब! मोजमापं बदलायची असतात, हे मला काय ठाऊक?"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"दोन्ही गिऱ्हाइकं जातील म्हणून."

त्यांनी कागद विकला नव्हता. त्यांच्या लेखी तो भाडेकरारच होता. ताईंचा आणि दुसऱ्या कंत्राटदाराचा जबाब नोंदवला. अर्जदाराच्या माणसाविरुद्ध काहीही निष्पन्न झाले नाही, असा अहवाल मी वरिष्ठांना दिला. दुसऱ्या कंत्राटदाराला समज देऊन सोडले. हॉटेलने त्याचे अंदाजपत्रक परत केले. त्यानंतरच्या नोकरीत, जबाब कितीही बिनचूक असला तरी मी देणाऱ्याला एकदा जागेवर नेऊन चालायला लावत असे. बोलताना अडखळणारे पुष्कळ जण चालताना खरे ठरले, आणि उलटही झाले.

कंत्राटदार अर्ज मागे घ्यायला आला तेव्हा गृहस्थही हजर होते.

"झालं गेलं विसरा. उद्यापासून या कामावर," कंत्राटदार म्हणाला.

"येतो शेठ. पण मधल्या अकरा दिवसांचं काय?"

"पगार कापणार नाही, झालं?"

"पगाराचं नाय बोलत मी. मस्टरवर काय लिहिलंय?"

मस्टरवर गैरहजर लिहिले होते. कंत्राटदाराने माझ्याकडे पाहिले. मी हवालदारांना त्यांच्याबरोबर पाठवले. तासाभराने परत येऊन त्यांनी सांगितले ते डायरीत आहे: कंत्राटदाराने अकरा खुणा लाल शाईने खोडल्या, प्रत्येकीपुढे हजर असे लिहिले आणि अकरा वेळा सही केली.