झाकण काढू का, अक्का?

स्वतःचा आवाज ऐकायला मला पूर्वी आवडायचं. माइक हातात आला की मी जरा सावकाश बोलायचे, शब्द तोलून टाकायचे, लोक मान डोलावतायत का ते बघायचे. आता घरी कुणी लग्नाची चित्रफीत लावली आणि तीत मी बोलताना दिसले, तर मी उठून पाणी प्यायला जाते.

मी मुंबईत पेटंट कार्यालयात परीक्षक आहे. माझ्या वाट्याला येतात ती मोठ्या स्वयंपाकाची यंत्रं. हॉटेलातली, वसतिगृहातली, लग्नाच्या मांडवातली. पोतंभर कणीक मळणारी, कांदे सोलणारी, चटणी वाटणारी. अर्जदार लिहितो की असं यंत्र जगात अजून कुणी केलेलं नाही, आणि आधी कुणी केलंय का हे मी शोधते. बहुतेक वेळा सापडतं. दुसऱ्याच्या आनंदात खोट काढायचा मला पगार मिळतो, असं मी माहेरी गेल्यावर सांगायचे. लोक हसायचे. म्हणून दर खेपेला सांगायचे.

माहेर लोहाऱ्याहून उमरग्याकडं जाताना लागतं. तिथं माझा चुलत भाऊ लग्नाच्या जेवणाची कामं घेतो. माझ्याहून लहान, मला अक्का म्हणतो. हल्ली मांडवात पुऱ्या कुणी खात नाही, ज्वारीची भाकरी मागतात, आणि एवढ्या भाकरी थापायला बायका मिळत नाहीत. बाजारात भाकरीची मशीनं आहेत, पण ती पीठ नुसतं दाबतात आणि ज्वारीची कड फाटते. यानं गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात बसून, भंगारातली मोटार आणून, स्वतःचं मशीन केलं. खाली परात फिरते, वरून रबराचा तळवा पडतो. मधोमध जोरात पडतो, कडेला जाईल तसा हलका आणि जरासा तिरका. कड फाटत नाही. हे कशामुळं होतं ते मशीनच्या पोटात, पत्र्याच्या झाकणाखाली होतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

त्यानं मला फोनवर एवढंच सांगितलं होतं की काहीतरी केलंय, येळवशीला ये, दावतो.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रान भरतं. कडब्याची कोपी, म्हणजे लहानसं खोपटं, करायची, पूजा करायची, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खिचडी. वाटेनं जाणारा माणूस ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून पंगतीत बसवायचं. त्या दिवशी रानातलं काही झाकून ठेवत नाहीत. माझ्या भावानं मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून रानात आणलं, जनरेटर लावला, आणि सरपंचबाईंच्या नवऱ्यानं माइकची सोय केली. मला वाटलं हे मशीनसाठी आहे. निम्मं माझ्यासाठी होतं. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. गावची लेक मोठ्या हापिसात साहेब झाली, तिच्या हातून मशीन चालू होणार, असं ते माइकवर म्हणाले. मी कॉलर नसताना ताठ केली.

मशीन चालू झालं. भाकरी पडली, गोल, कड शाबूत. काकूनं, त्याच्या आईनं, ती हातात घेऊन उजेडाकडं धरली आणि म्हणाली, "जमलंय की रं." टाळ्या झाल्या. लोक पुढं सरकले. कुणीतरी ओरडलं, आत काय हाय ते दाव की. भावानं पाना हातात घेतला होता, पण तो थांबला. माझ्याकडं वळला.

"झाकण काढू का, अक्का?"

त्यानं विचारलं होतं. अडाण्यासारखं उघडून दाखवलं नव्हतं. त्याच्या मनात काहीतरी आलं असणार, म्हणूनच तर सगळ्या गावात ज्या एकाच माणसाला हे कळायला हवं होतं त्याला त्यानं विचारलं.

अर्ज करायच्या आधी शोध लोकांसमोर उघडा केला की तो नवा राहत नाही. उघडा करणारा खुद्द शोध लावणारा असला तरी नाही. हा आमच्या कामाचा पहिला धडा. भाजी चिरायचं यंत्र केलेल्या एका गृहस्थांना मी सुनावणीत म्हणाले होते, "तुम्हीच जाहिरात करून मोकळे झालात, आता आमच्याकडं काय मागता?" ते कागद गोळा करून गेले. मी त्या दिवशी डबा चवीनं खाल्ला होता.

आणि इथं, डोक्यावर फेटा, हातात माइक, समोर सगळं गाव, मी म्हणाले, "काढ की. आपलीच माणसं आहेत."

नियम आठवला नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवला होता. पण त्या घडीला "थांब, झाक ते" म्हणणं म्हणजे पंगतीत वाढता वाढता पातेलं मागं नेणं. सगळ्यांची तोंडं पडली असती, आणि माझा सत्कारही फिका झाला असता. दोन्हींतलं दुसरं मला जास्त टोचलं, हे मी आता कबूल करते.

तेवढ्यावरही भागलं असतं. आत नुसता लोखंडाचा गोंधळ दिसत होता, बघणाऱ्याला काही उमगलं नसतं. पण मी वाकून आत पाहिलं आणि मला ते कळलं, लगेच, पूर्ण. इतकं सुंदर होतं की मला राहवलं नाही. मी बोट लावून माइकवर सांगायला लागले. "बघा, ही चकती गोल नाही. मुद्दाम गोल नाही. तिचा फुगवटा खाली येतो तेव्हा तळवा जोरात पडतो, आणि चपटी बाजू आली की हलका. परात आणि चकती एकाच पट्ट्यावर फिरतात, म्हणून जोर कुठं कमी करायचा ते मशीनला आपोआप कळतं." सावकाश, शब्द तोलून. सरपंचबाईंचा नवरा मोबाइल धरून समोर उभा होता. संध्याकाळपर्यंत ते सगळं यूट्यूबवर गेलं.

उन्हाळ्यात भावाचा फोन आला. लातूरच्या एका वकिलाकडून अर्ज करतोय, त्यात काय काय लिहावं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "मला यात बोलता येत नाही, नियम आहे." नियम खराच आहे. अर्ज आमच्याकडं आल्यावरही मी नातं सांगून फाइल सोडली. दोन्ही वेळा मी अगदी नियमानं वागले. पण त्या फोनवर मला ती चित्रफीत आठवली होती, आणि नियमाच्या आडोशाला उभी राहून मी गप्प बसले. तो आशेनं बोलत होता. कागद हातात आला की आपल्या परवानगीशिवाय कुणी असं मशीन करणार न्हाय, म्हणत होता.

फाइल गेली माझ्या पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडं. तो दक्षिणेकडचा, मराठी जेमतेम, कामाला पक्का. नवा आला तेव्हा त्याला मीच शिकवलं होतं की पेटंटच्या कागदांवर थांबू नका, प्रदर्शनं बघा, जत्रा बघा, यूट्यूब बघा. फाइल त्याच्याकडं असताना मी रोज मनात म्हणत होते, याला आळस येवो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्याचा शोध अपुरा राहावा असं मी पहिल्यांदा मागितलं.

एक दिवस तो माझ्याकडं आला, खुर्ची ओढून बसला, आणि हलक्या आवाजात हिंदीत म्हणाला, "मॅडम, एक चित्रफीत सापडली आहे. तुमच्या भागातली मराठी आहे, तुमच्याकडून समजून घेणार होतो. पण बोलणाऱ्या बाई..."  त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "मी भाषांतर दुसऱ्याकडून करून घेतो," म्हणाला आणि खुर्ची होती तिथं नीट ठेवून गेला. त्यानं मला काही म्हटलं असतं तर मी त्याच्यावर चिडले तरी असते.

अहवाल निघाला. पहिला संदर्भ म्हणून ती चित्रफीत. आणि खाली, आमच्या कार्यालयाच्या कोरड्या इंग्रजीत, माझीच वाक्यं: महिला वक्त्या सांगतात की चकती मुद्दाम गोल ठेवलेली नाही. पट्टा, फुगवटा, चपटी बाजू, सगळं क्रमानं. नुसत्या चित्रावरून आतली रचना कळत नाही, पण वक्त्यांच्या स्पष्टीकरणावरून जाणकाराला हे यंत्र तयार करता येईल, असं त्यानं लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं. ती फाइल माझ्याकडं असती तर मीही हेच लिहिलं असतं. म्हणजे नुसतं झाकण काढूनही भाऊ वाचला असता. बुडवलं ते माझ्या समजावून सांगण्यानं.

भावाचा फोन आला तेव्हा मी जिन्यात जाऊन उभी राहिले. वाटलं, आता मला बोल लावेल.

"अक्का, वकिलानं वाचून दावलं. आपण आधी दावलं म्हणं, म्हणून मिळत न्हाय."

"हो," मी म्हटलं.

"त्येचं काय न्हाय. पर त्या व्हिडिओत तू दिसतीस. तुझ्या हापिसात तुला कुणी काय म्हणलं तर न्हाय ना? म्या सरपंचीणबाईच्या मालकाला सांगून काढाया लावला बघ."

आता काढून काय उपयोग होता. पण तो मला वाचवायला निघाला होता. मी "नाही, कुणी काही म्हणालं नाही," इतकंच बोलले. त्याची माफी मागायची होती, आणि तोंडातून आलं, "जेवलास का?"

सुनावणीत वकिलानं त्याच्या परीनं किल्ला लढवला. अर्ज नामंजूर झाला. नंतर भावाला उमरग्यातल्या एका लग्नात तसंच मशीन दिसलं, दुसऱ्याच कुणाचं, रंग नवा, आत तीच चकती. तो कुणालाच काही म्हणू शकत नव्हता. भाकरी चांगली पडत होती, असं त्यानं मला सांगितलं, आणि एवढं सांगून विषय बदलला.

त्या निकालानंतरच्या येळवशीला मी जाणार नव्हते. आईनं जाब विचारल्यासारखं विचारलं म्हणून गेले. रान तेच, कोपी तशीच, मशीनही ट्रॉलीत भाकरी पाडत होतं. पंगत बसल्यावर एका म्हाताऱ्या आण्णांनी विचारलं, "बाई, भावाच्या मशीनचं ते कागदाचं काय झालं?"

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळायच्या आत भाऊ वाढता वाढता म्हणाला, "माझंच चुकलं आण्णा. लवकर अर्ज केला न्हाय." आणि पुढच्या ताटाकडं गेला.

मला ते सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले आणि माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यानं मला विचारलं होतं, मी काढ म्हणाले, आतलं सगळं मी फोडून सांगितलं, आणि त्याचं पेटंट माझ्या बोलण्यामुळं गेलं. चूक त्याची नाही, माझी आहे.  मला वाटलं आता लोक गप्प होतील, कुणीतरी तोंड फिरवेल, आणि ते मला हवं होतं.

लोक हसले. चांगलं, प्रेमानं हसले. आण्णा म्हणाले, "बघा, भावाची चूक सोताच्या अंगावर घेतली. साहेब हाय, पर लेक ती लेक." काकूनं डोळ्याला पदर लावला. सरपंचबाईंचे यजमान उठले, पिशवीतून शाल काढली, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या झाल्या.

भाऊ तेवढा हसत नव्हता. टाळ्याही त्यानं वाजवल्या नाहीत. भज्जीचं भांडं खाली ठेवून तो ट्रॉलीकडं गेला, मोटार बंद केली, मशीनवर ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी दोरी आवळली. या वेळी त्यानं मला काही विचारलं नाही.