शुक्रवारचा पहारा

लिफ्टवाल्या चाचांना सगळे भित्रे म्हणत, आणि चाचांना त्यात वावगं काही वाटत नसे. तीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत काढूनही माणूस जिवंत राहिला, तो भीतीच्या जोरावरच, असं त्यांचं म्हणणं. लिफ्टच्या पोकळीत हात घालण्याआधी ते मेन स्विच बंद करत, त्याला कुलूप लावत आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकत. सोबत्यानं ‘बंद केलंय हो’ असं सांगितलं तरी स्वतः जाऊन बघून येत. राहत्या इमारतीत मात्र चौथ्या मजल्यावर जिन्यानंच चढत. शेजारी विचारत, लिफ्ट बिघडलीय का? चाचा म्हणत, बिघडलेली नाही, पण माझी आणि तिची जुनी ओळख आहे.

त्यांच्या वस्तीतल्या मशिदीचं छत दुरुस्तीसाठी उतरवलं होतं, म्हणून शुक्रवारची दुपारची नमाज बाजारामागच्या गाड्यांच्या तळावर व्हायची. तीनेकशे माणसं जमत. अशातच दुसऱ्या एका शहरात कुणीतरी नमाज पढणाऱ्यांवर मागून गोळ्या झाडल्या. त्या दिवसापासून इथल्या नमाजेच्या पोलीस परवानगीला अटी चिकटल्या. भोवती दोरी बांधायची. दोरीच्या आत पिशवी न्यायची नाही. फाटकावर एक पोलीस राहील. आणि तुमच्यातलीच दोन माणसं रांगेबाहेर, डोळे उघडे ठेवून उभी राहतील. एक जरी अट मोडली तरी परवानगी रद्द.

पहाऱ्याला कोण, हे ठरायला वेळ लागला नाही. पहिला मान भित्र्यालाच, असं म्हणून सगळ्यांनी चाचांकडे बोट दाखवलं. दुसरे शिंपी मास्टर. चाचींनी ऐकलं आणि विचारलं, “अहो, पळायची वेळ आली तर तुमचे गुडघे बरोबर येणार आहेत का?” आणि मग त्यांचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट स्वतःच धुऊन वाळत घातलं.

पहिल्या शुक्रवारी चाचांना एक गोष्ट कळली, जी आयुष्यभर रांगेत उभं राहून कळली नव्हती. नमाज पढणाऱ्याची पाठ किती उघडी असते! तो वळून बघत नाही, हाकेला ओ देत नाही. तीनशे पाठी, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या मुलाची. त्या दिवसापासून नमाज संपेपर्यंत, शेवटचा सलाम फिरवून माणसं उठेपर्यंत, ते दोरीच्या कडेकडेनं फेऱ्या मारत राहत. असे सात शुक्रवार गेले.

आठव्या शुक्रवारी नमाजेची दुसरी आणि शेवटची रकात सुरू झाली, तेव्हा त्यांची नजर शेवटच्या रांगेमागच्या चपलांवर गेली. चपलांच्या पलीकडे, दोरीच्या आत, एक खाकी कापडी पिशवी होती. मघाशी नव्हती. तोंड अर्धवट बांधलेलं आणि त्यातून तारांची टोकं बाहेर आलेली.

ते शेवटच्या रांगेच्या अगदी जवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “पिशवी कुणाची?” कुणी हललं नाही. नमाजेत कोण बोलणार? हे ठाऊक असूनही त्यांनी पुन्हा विचारलं.

नियम सोपा होता. हात लावायचा नाही, फाटकावरच्या हवालदाराला सांगायचं. पण फाटक ऐंशी पावलांवर. मास्टर दुसऱ्या टोकाला एका गाडीवाल्याला थोपवत होते. शिटी मारली तर तीनशे माणसं एका अरुंद फाटकाकडे धावणार, त्यांत काठी टेकत आलेले म्हातारे. आणि काही निघालं नाही तरी दोरीच्या आत पिशवी सापडली एवढ्यावर पुढचा शुक्रवार गेला. आणि निघालं तर?

चालू यंत्राला तीस वर्षांत कधी हात न लावलेल्या माणसानं वाकून ती पिशवी उचलली.

एका बाजूला जड होती. आत काहीतरी घरंगळलं, तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. गाडीतळाच्या टोकाला काँक्रीटची पाण्याची टाकी होती, तिच्यामागे रिकामी जागा. धावायचं नाही, पिशवीला हिसका बसता कामा नये, असं स्वतःला बजावत ते चालू लागले.

“ए! थांब! ठेव ती खाली!”

हवालदाराचा आवाज. आठ आठवडे हाच पोरसवदा हवालदार त्यांना हसून ‘काय चाचा, सगळं ठीक?’ विचारायचा. चाचांनी मागे पाहिलं. रांगा अजून जवळ होत्या, फार जवळ. इथे ठेवून उपयोग नव्हता. त्यांनी ओ दिली नाही. पाठीमागे बूट धावले, बंदुकीचा खटका मागे ओढल्याचा आवाज आला, तरी ते चालत राहिले. टाकीमागे पिशवी ठेवली, बाजूला सरकले आणि वळले.

“हात वर! दोन्ही!”

डावा हात वर गेला. उजवा कानापर्यंत जाऊन थांबला. फार वर्षांपूर्वी त्या खांद्यावर लोखंडी वजन आदळलं होतं, तेव्हापासून तो तिथवरच जायचा. हवालदार पुन्हा ओरडला. चाचा दुखऱ्या खांद्याला वर रेटत राहिले. बंदुकीचं टोक थरथरत होतं, आणि त्या थरथरण्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“काय आहे त्यात?”

“माहीत नाही, साहेब.”

“माहीत नाही, मग उचलली कशाला?”

पलीकडे इमामसाहेबांचा आवाज शांतपणे चालला होता. इथे काय घडतंय ते कुणाला ठाऊक नव्हतं. माणसं खाली वाकली, कपाळं जमिनीला टेकली, पुन्हा उठून बसली. चाचांना वाटलं, आपल्या जन्मात एवढी लांब नमाज कुणी पढवली नसेल.

सलाम फिरला. शेवटच्या रांगेतून रंगाऱ्याचं काम करणारा एक जण उठून पिशवी शोधू लागला आणि हात वर केलेल्या चाचांकडे बघून अनवाणीच धावत आला. उशीर झाला होता, दोरीखालून आलो, सगळ्यांबरोबरची नमाज चुकेल म्हणून तिथेच ठेवली, असं काहीबाही तो सांगत राहिला. हवालदारानं दुरूनच त्याला पिशवी ओतायला लावली. तारेचे ब्रश, पत्र्याची पाती, रंगाचा एक डबा. डबा टाकीपर्यंत गडगडत गेला.

चाचांचा मुलगा आला, त्यानं त्यांचा हात धरून खाली घेतला. तो आपोआप खाली येत नव्हता.

हवालदारानं बंदूक खांद्यावर अडकवली, कपाळ पुसलं. “चाचा, थांब म्हटल्यावर थांबायचं हो. माझ्या हातून काय झालं असतं?” मग नजर चुकवत म्हणाला, “हे मला लिहावं लागेल. परवानगीचं वरचे ठरवतील.”

चाचा हो म्हणाले. माणसं पांगली, मास्टर दोरी गुंडाळू लागले. पहारेकऱ्याची स्वतःची नमाज राहिलेलीच असते. चाचांनी टाकीच्या सावलीत रुमाल अंथरला. पण नमाजेला तोंड करायचं तिकडे, पश्चिमेला केलं, की फाटक आणि हवालदार पाठीमागे येत होते.

ते तसेच उभे राहिले. हवालदाराच्या ध्यानात आलं असावं. “पढा चाचा,” तो म्हणाला, “मी आहे इथे.”

दुखरा हात कानापर्यंत गेला; नमाजेला तेवढाच लागतो. चाचांनी नमाज सुरू केली. पाठीमागे बूट दोन पावलं जवळ आले आणि थांबले. चाचा वाकले, सरळ झाले, आणि मग कपाळ खाली टेकवण्याआधी त्यांना थोडा वेळ लागला.