तारेची थरथर

सबस्टेशनात झाडू मारायचा, चहा करायचा, एवढंच माझं काम. पण जिथं पाच माणसं रोज बसतात तिथं किस्से जमतातच. कचरा मी रोज फेकते. हे फेकले जात नाहीत.

*

आमचे जुने लाईनमन नामदेवभाऊ. खांबावर चढायच्या आधी फ्यूज काढून खिशात टाकतात. एका नव्या साहेबानं विचारलं, "खिशात काय आहे?"

"माहा जीव आहे, साहेब. खाली ठेवला तर कोणी लावून देते."

*

माझे मालकही इथंच लाईनमन होते. सुटीच्या दिवशी वावरातून येताना तुटलेल्या तारेवर पाय पडला. वरून आलेल्या साहेबानं रजिस्टर उघडलं. "त्या दिवशी ब्रेकर पडलाच नाही, लाईन आपोआप बंद झालीच नाही. म्हणजे लाईनीत फॉल्ट नव्हता."

मी म्हटलं, "मंग माणूस कशानं मेला?"

साहेबानं पान उलटलं.

*

पुढं वर्ध्याच्या कॉलेजातली एक मॅडम खोका बसवायला आली. पडद्यावर करंटची लाट दिसते. ती म्हणाली, "काकू, तार कोरड्या जमिनीवर पडली की करंट फार कमी वाहतो, म्हणून ब्रेकर पडत नाही. पण लाट बारीक थरथरते. ती थरथर हा ओळखतो, आणि किती लांब आहे तेही सांगतो."

मी विचारलं, "आधी काऊन नाई आणला?"

पोरगी बिचारी चहा तसाच ठेवून वायर जोडत बसली.

*

सुरुवातीला खोका तारेला घासणाऱ्या लिंबाच्या फांदीलाही ओरडायचा. नामदेवभाऊ म्हणायचे, "नवी सून बरी, एवढी तक्रार नाई करत." ड्यूटीवरचा ऑपरेटर गजानन तर वैतागून पडद्यावर दुपट्टाच टाकायचा.

मी रोज पडदा पुसायच्या निमित्तानं दुपट्टा काढायची. परत टाकायची नाही.

*

यंदा कापूस वेचणीचे दिवस. भर दुपारी लाट थरथरली. ब्रेकर जागचा हलला नाही.

गजानन म्हणाला, "फांदी असंन."

"बंद कर."

"आन् साहेबानं विचारलं तर?"

"माह्यं नाव लिही."

"झाडूवालीच्या नावानं लाईन बंद होते का, काकू?"

"माह्या नवऱ्याच्या वेळीही रजिस्टर बरोबरच होतं, गजानन."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बटण दाबलं.

खोक्यानं अंतर दाखवलं साडेचार किलोमीटर, हिंगणीच्या बाजूला. नामदेवभाऊ गाडीनं गेले आणि खांब मोजत मोजत पोचले. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. "तार कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात पडून आहे. बाया दहा पावलांवर वेचून राह्यल्या होत्या. बाजूला केल्या सगळ्या. लाईन चालू करू नको."

गजानन फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा वाजला. त्याच वावराची मालकीण, पार दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

"लाईन काऊन घालवली रे? मोटर बंद पडली. माह्या बायायले प्यायले पाणी नाई. फुकटचा पगार घेता, मुडद्याहो!"

गजानन तिला सांगायला लागला. मी त्याच्या हातून फोन घेतला. ती आमच्या सात पिढ्या काढत होती. मी फोन कानाला धरून ठेवला. दम लागून ती थांबली, तेव्हा म्हटलं,

"बोल बाई. अजून बोल."