दादाच्या ट्रंकेतला साबण

आमच्या घरात वस्तू फेकायची पद्धत नव्हती. आबा ऐन उमेदीची वर्षं फौजेत काढून पेन्शनीवर गावी आले होते. वाकडा खिळा ठोकून सरळ करायचा, सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधायला वापरायच्या, तुपाच्या रिकाम्या डब्याला कडी लावून त्याची बादली करायची, हे त्यांचं रोजचं काम. त्यांचं धोतर विरलं की त्याचे पंचे व्हायचे, पंचे विरले की पुसणी आणि पुसण्यांच्या चिंध्या झाल्या की देवाच्या वाती. अंगाच्या साबणाचा शेवटचा पातळ तुकडासुद्धा कपड्यांच्या वडीवर अंगठ्यानं दाबून चिकटवायचा, असा नियम होता.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला हे शिकवावं लागलं नाही. ती जत बाजूची. तिकडं तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं भांड्यांना आणि भांडी विसळलेलं म्हशीला. पहिल्याच आठवड्यात तिनं आमच्या न्हाणीचं पाणी चर काढून परसातल्या शेवग्याला सोडलं. आबा बघत उभे राहिले आणि आईला म्हणाले, "ही आपल्या घरात शोभती बघ."

दादा फौजेत होता. लग्नानंतर दोन सुट्ट्यांना मिळून तो जेमतेम तीन महिने घरी राहिला असेल. जाताना वहिनीच्या माहेरची काळी घोंगडी घेऊन गेला. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. तार आली तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि वहिनी एकोणिसाची.

फाल्गुनात, शाळूची मळणी चालू असताना, त्याची ट्रंक रेल्वेनं कोरेगावला आली. आबांनी बैलगाडी जुंपून ती आणली आणि पडवीत उघडली. एक स्वेटर, दोन सदरे, बूट, मच्छरदाणी, दाढीचं सामान, ती घोंगडी, आणि कागदात गुंडाळलेला अर्धा वापरलेला साबण. मिलिटरी कँटीनचा, वासाचा. त्यावरची अक्षरं निम्मी झिजली होती.

आई म्हणाली, "मेल्या माणसाचं कापड घरात ठिवू नये. नदीला सोडून या."

"नदी काय थंडीनं कुडकुडतीया व्हय?" आबा म्हणाले. "गड्याच्या अंगावर धड कापड न्हाई, आन् नदीला घालू?"

वहिनी दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आबांनी सगळं वाटून टाकलं. मच्छरदाणी कापून बियाण्याच्या कणगीवर झाकली. सदरे चुलतभावाला गेले, स्वेटर शेजारच्या म्हाताऱ्याला. घोंगडी आणि बूट आमच्या गड्याला मिळाले. दोन दिवसांनी गडी ते बूट घालून वैरण टाकायला आला. अंगणात करकर वाजली, तशी आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. दारात गडी. तो बिचारा इतका ओशाळला, की त्यानंतर आमच्या बोळाच्या तोंडाशीच बूट काढून हातात घ्यायचा आणि अनवाणी आत यायचा.

घोंगडीचंही तसंच झालं. एकदा मी आणि वहिनी भाकरी घेऊन मळ्यात गेलो. गडी घोंगडी पांघरून बांधावर बसला होता. वहिनी त्याच्यापुढं थांबली. म्हणाली, "मामा, जरा हातात घिऊ का?" त्यानं गडबडीनं काढून दिली. तिनं एक कोपरा नाकाशी नेला, मग नीट घडी घालून परत दिली. वाटेत मला म्हणाली, "नुसता बिडीचा वास येतुया."

साबण तेवढा राहिला. तो कुणाला द्यावा हे आबांनाही सुचलं नसावं. "वापरा कुणीतरी," म्हणून त्यांनी तो न्हाणीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. कुणी हात लावला नाही. आम्हा बायकांना न्हायला शिकेकाई, तोंडाला नुसतं पाणी. एका सकाळी शाळेला जायच्या आधी मला मोह आवरला नाही. मी साबण ओला केला आणि त्यानं तोंड धुतलं. दुःख वगैरे काही मनात नव्हतं. वास आवडला, एवढंच.

वहिनी माझी वेणी घालायला बसली आणि तिचा हात थांबला.

"वन्सं, तोंड कशानं धुतलंसा?"

"पाण्यानं."

"खोटं बोलू नगासा."

मी रडायलाच लागले. मला वाटलं, आता ही आईला सांगणार. तिनं मला खांद्याला धरून वळवलं आणि माझ्या गालाला नाक लावलं. किती वेळ, कुणास ठाऊक. तिचा श्वास मला लागत होता. मग पुन्हा मला पाठमोरी बसवून तिनं वेणी पुरी केली, आणि हळूच म्हणाली, "उद्याबी धुवा."

तेव्हापासून रोज सकाळी मी तोंड धुऊन तिच्यापुढं बसायची. ती आधी गालाला नाक लावायची, मग वेणी घालायची. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, "वैनी, तूच का लावत न्हाईस?"

"मी कशाला? माझ्या तोंडाचा वास मला कसा यील?"

साबण झिजायला लागला, तशी मी तो नुसता तळहातावर टेकवून उचलायची. चैत्रात तो पापडासारखा पातळ झाला. वैशाख लागेपर्यंत सुपारीच्या खांडाएवढा उरला. पुरेल तितके दिवस पुरवायचा, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आधी आईनं घर सारवायला काढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनी कृष्णेवर धुणं घेऊन गेलो. वहिनीनं पाटीतून साबणाची वडी काढली आणि हातात धरून तशीच बसली. वडीच्या पाठीवर तो पांढरा तुकडा दाबून बसवलेला होता. वर आईच्या अंगठ्याचा ठसा.

"मी न्हाई सांगितलं आईला," मी म्हणाले. "वैनी, शपथ."

तिनं नखानं तो सोडवायचा प्रयत्न केला. तुकडा भुगा होऊन नखात गेला. ती पाण्याकडं बघत राहिली. बाजूच्या दगडावरची बाई म्हणाली, "पोरी, ऊन चढतंय." तेव्हा वहिनीनं आबांचं धोतर ओलं केलं, दगडावर पसरलं, आणि वडी उलटी धरून घासायला लागली. तुकडा संपेपर्यंत घासत होती. मग धोतर आपटलं, पिळलं, आणि पुढचं कापड घेतलं. ती रडली नाही. मी मात्र घरापर्यंत हुंदके देत आले.

त्या संध्याकाळी आबा ते धोतर नेसून पडवीत बसले. थोड्या वेळानं त्यांनी सोगा उचलून नाकाशी धरला.

"हे आज कशानं धुतलं?"

आई म्हणाली, "कशानं म्हंजे? साबणानं."

आबांनी सोगा खाली सोडला. जेवायला हाक मारली तर म्हणाले, भूक न्हाई.

पावसाळा कोरडाच लागला. ज्येष्ठात वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. तिकडं तर प्यायच्या पाण्याचे हाल होते, तरी म्हणाला, "आमच्यात राहू दे. इथं काय करंल ती?" खरं तर ती इथं घरातलं सगळंच करत होती, पण आईनं अडवलं नाही. मला वाटतं, आईला तिचं मोकळं कपाळ रोज बघवत नव्हतं.

निघायच्या दिवशी आबांनी गड्याकडून घोंगडी मागवली. रिठ्यानं स्वच्छ धुऊन, वाळवून, वहिनीपुढं ठेवली. आबांनी दिलेली वस्तू परत घेतलेली मी त्या एकदाच पाहिली.

"पोरी, ही तुझ्या म्हायारची हाय. मला तवा कळलं न्हाई."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "राहू द्या मामंजी. त्यास्नी आता सवय झालीया. थंडीत काय पांघरतील?"

ती वाकून पाया पडली. आबा उठले आणि गोठ्यात गेले ते गाडी गेल्यावरच बाहेर आले.

चार-पाच वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. एकदा एसटी स्टँडवर जतच्या गाडीपाशी मला ती दिसली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. मी "वैनी" म्हणून हाक मारली आणि लगेच जीभ चावली. ती वळली, माझं तोंड दोन्ही हातांत धरून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

पाट लागून तीन वर्षं झाली होती. नवरा मेंढरं पाळणारा, बरा माणूस होता. तिनं आबांचं विचारलं. मी सांगितलं, आबा गेल्या साली गेले. तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग विचारलं, "आन् आत्याबाई?"

"हाय. गुडघे धरल्यात."

कंडक्टरनं घंटी दिली. चढता चढता ती मागं वळली.

"वन्सं, मी भेटल्याली आत्याबाईस्नी सांगू नगासा."

"का गं?"

"त्यास्नी वाटंल, माझा ल्योक गेला, आन् हिचं कसं बरं चाललंय."

मी मान हलवून कबूल केलं, आणि सांगितलं नाही. पुढं माहेरी गेले की आई कधीतरी गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणायची, "कुठं असंल गं ती? निदान खाऊनपिऊन तरी सुखी असंल का?" मी म्हणायची, "असंल." तिच्या मनात राग नव्हता, हे मला दिसत होतं. एक शब्द सांगितला असता तर तिचा जीव थोडा निवला असता. पण मी वहिनीला शब्द दिला होता. आई तशीच विचारत गेली.