तोंडावर न आलेला होकार

आमच्या कसबा बावड्यातल्या दोन खोल्यांत भिंतीवरची पाच घड्याळं होती. सगळी मला रमीच्या स्पर्धांत मिळालेली. निपाणी, इचलकरंजी, सांगली, बेळगाव, कुठल्याही क्लबात स्पर्धा असली की पहिल्याला रोख बक्षीस आणि दुसऱ्याला घड्याळ, असा रिवाज होता. म्हणजे आमच्या भिंतीकडं नुसतं बघूनही कुणाला कळलं असतं की हा गडी बहुतेक वेळा दुसरा येतो. बायको म्हणायची, "घड्याळं पाच, आनि घरचा मानूस एकदाबी वेळेवर न्हाई."

त्याआधी मी एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो. दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडायचो आणि स्वतः गैरहजर राहायचो. साहेबांनी दोनदा बोलावून समजावलं. तिसऱ्यांदा बोलावण्याआधी मीच राजीनामा दिला आणि वर सगळ्यांना सांगत सुटलो, की आता मी कुणाचा नोकर नाही. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. पुढची पंधरा वर्षं एस.टी.त गेली. पिशवीत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि शेंगदाण्याची चटणी. लोकांना वाटतं पत्तेवाल्याची मजा असते. कसली मजा? ढेकणांच्या लॉजवर उतरायचं, सकाळी दहाला मांडी घालून बसायचं आणि दिवसभर परक्या माणसांच्या तोंडाकडं बघायचं. हरलो तर परतीच्या गाडीत जीव नकोसा व्हायचा. जिंकलो तरी फार वेगळं वाटायचं नाही, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

माझी पानं काही फार ग्रेट लागत नसत. माझी खरी ताकद म्हणजे माझं तोंड. जोकर हातात आला तरी भुवई हलायची नाही. शेजाऱ्यानं नेमकं मला हवं ते पान खाली टाकलं, तरी मी पुष्कळदा ते तसंच जाऊ द्यायचो. उघड्यावरचं पान उचललं की सगळ्या डावाला कळतं, याला काय पाहिजे ते. त्यापेक्षा न उचलता गड्डीतल्या पानाची वाट बघायची. निपाणीत एक म्हातारा खेळाडू मला म्हणाला होता, "पावणं, तुमच्या तोंडापेक्षा भिंत बरी. तिच्यावर निदान पाल तरी हलती." मला त्याचा फार अभिमान वाटला होता. काय अक्कल होती माझी.

हे तोंड घरी आल्यावर शर्टासारखं काढून खुंटीला टांगता आलं नाही, एवढंच माझ्या आयुष्याचं वाटोळं आहे. एकुलती एक मुलगी शाळेत पहिली आली, तेव्हा पळत प्रगतिपुस्तक घेऊन आली होती. मी ते बघितलं, सही केली आणि परत दिलं. आत ऊर भरून आला होता. पण तिला काय दिसलं? बापानं सही केली.

ती बी.ए., बी.एड. झाली आणि एक स्थळ आलं. मुलगा कोडोलीचा, तिथल्याच शाळेत मास्तर. रविवारी सकाळी तो, त्याचे वडील आणि आत्या असे तिघं आले. पोहे झाले. मुलगा भिंतीकडं बघत होता. पाच घड्याळांत पाच वेळा. त्यानं मुलीला विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?"

"एकबी न्हाई," ती म्हणाली. "आम्ही कारखान्याच्या भोंग्यावर चालतो."

तो हसला आणि ती पण हसली. परक्या माणसासमोर तिला मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्याच क्षणी मी मनात ठरवून टाकलं, की पोरगी इथंच द्यायची.

आत्यानं माझा धंदा विचारला. मी "फिरतीचं काम" असं काहीतरी पुटपुटलो. मुलाच्या वडिलांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. शेतकरी माणूस, आवाज शिवारात हाक मारावी तसा. "आमाला ठावं हाय की, तुमी पत्त्यांच्या स्पर्धा खेळता. आमचं त्यावर कायबी म्हननं न्हाई. पोरगी पसंत हाय. आता तुमचं बोला, पावणं."

मुलीच्या बापाला याहून काय पाहिजे असतं? लोक अशा वेळी उठून हात जोडतात, साखर वाटतात. मी माझ्या त्या तोंडानं म्हणालो, "कळवतो."

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोरच्यानं पान टाकलं आणि माझा हात नेहमीसारखा थांबला, झालं. चार दिवसांनी आपणच कोडोलीला जाऊन होकार द्यायचा, असं मी ठरवलं होतं. पण बायकोला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी बेळगावची गाडी धरली.

बेळगावात शेवटच्या फेरीपर्यंत गेलो. तिथंच हुबळीच्या स्पर्धेची बातमी लागली, तर तिकडंही गेलो. नवव्या दिवशी परत आलो तो बेळगावी कुंद्याच्या मिठाईचे दोन डबे घेऊन, एक घरासाठी आणि एक कोडोलीसाठी. एस.टी.भर डबे मांडीवर धरून बसलो होतो. सासरी जाणारी माझी मुलगी डोळ्यांपुढं येत होती आणि मी खूश होतो. शेजारच्या प्रवाशानं निरखून बघितलं असतं, तरी त्याला ते दिसलं नसतं.

बायकोनं डब्यांकडं बघितलं. "ह्यो दुसरा कुनाला?"

"कोडोलीला न्यायचाय."

मग तिनं सगळं सांगितलं. मुलाचे वडील शुक्रवारी सायकलवरून स्वतः विचारायला आले होते. त्यांना किती दिवस तिष्ठत ठेवायचं, म्हणून हिनं सांगून टाकलं होतं, की ह्यांच्या मनात दिसत न्हाई. दोन दिवसांत त्यांनी दुसरीकडं ठरवलंसुद्धा.

"माझ्या मनात न्हाई, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमचं तोंड बघितलं की मी."

"मला पसंत होता गं तो."

ती पदर तोंडाला लावून धाय मोकलून रडली. मी तिला म्हणालो, पोरीला यातलं काही सांगू नको. कुंदा मुलीनंच शेजारी वाटला.

पुढची स्थळं आली ती पत्तेवाल्याची पोरगी म्हणून दारातूनच मागं फिरली. मग यायचीही थांबली. मुलीला वारणानगरला शाळेत नोकरी लागली. रोज सकाळी एस.टी.नं जायची, संध्याकाळी यायची, केस पांढरे व्हायला लागले. बायको गेली. पोरीला काही न सांगण्याचा शब्द तिनं शेवटपर्यंत पाळला. माझी नजर अधू झाली, बदाम कुठला आणि चौकट कुठली ते कळेना, तसा खेळही सुटला. दिवस दिवस घरात बसून मी एकाच रविवारचा विचार करायचो.

एकदा संध्याकाळी ती वह्या तपासत बसली होती. मी मनाचा हिय्या केला आणि म्हणालो, "तो कोडोलीचा मुलगा मला पसंत होता."

तिची लाल पेन्सिल थांबली नाही. ती वही तिनं पुरी तपासली, मिटली आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला आवडला न्हाई," ती म्हणाली. "कोडोलीला नकार द्यायच्या आधी आईनं विचारलंतं मला. म्हणून मीबी नको म्हणून सांगितलं."

"आणि तुला? तुला आवडलावता?"

तिनं मान वर केली. आयुष्यभर मी दुसऱ्यांची तोंडं वाचून पोट भरलं. तिच्या तोंडाकडं मी डोळे ताणून बघत राहिलो. काही सापडलं नाही. भुवईसुद्धा हलली नाही. मला ओरडून रडावंसं वाटत होतं आणि तेही तिला दिसत नसणार, हे मला कळत होतं.

"च्या टाकू का, आप्पा?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "टाक."